मागच्या रांगेतला शिपाई

कुकरची रिंग आणायला म्हणून मी घोडेगावला गेलो होतो. बायकोनं, साळुबाईनं, मुद्दाम पाठवलं. घरात बसून मी सारखा फोन हातात घेत होतो, ते तिला बघवेना.

गोरख, आमचा एकुलता मुलगा, मंचरहून कांद्याची गाडी घेऊन कर्नालला निघाला होता. आदल्या दिवशी पहाटे त्याचा फोन आला, की पानिपतजवळ आलोय, धुकं लई हाय. त्यानंतर फोन बंद. गाडीमालकालाही काही ठाऊक नव्हतं. टीव्हीवर तिकडच्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या दाखवायला लागले, तशी साळुबाईनं टीव्ही बंद केला आणि म्हणाली, कुकरची रिंग गेलीय, तेवढी घेऊन या. रिंग चांगली होती. मी पाहिली होती. तरी शिनोलीच्या फाट्यावर जाऊन गाडीत बसलो.

केवलचंदशेठचं भांड्यांचं दुकान बाजारपेठेत आहे. माझं तिथं बरंच जाणंयेणं. रिंग घेतली, पण घरी जायला पाय निघेना. मग नेहमीसारखा मागच्या गोदामात गेलो. तिथं शेठची मुलगी रिद्धी लढाई करत बसली होती.

लढाई म्हणजे काय, ते सांगतो. मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे असतात ना, त्यातली बोटाच्या पेराएवढी माणसं. त्यांना तिनं पागोटी, भाले, घोडे असं सगळं केलं होतं. एक मोठी हिरवी पाटी, तिच्यावर बारीक दाणे. माणसाचे पाय त्या दाण्यांत घट्ट बसतात. माणूस उपटायचा, एक दाणा पुढं बसवायचा, फोटो काढायचा. परत उपटायचा, परत फोटो. असे शेकडो फोटो भराभर दाखवले की माणसं चालायला लागतात. खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकलेली, कारण बाहेरचं ऊन फिरलं की चित्र फसतं. त्यामुळं भर दुपारी तिथं अंधार. दोन दिवे, पेंढ्याचा आणि नव्या पत्र्याचा वास.

मला या कामाची गोडी लागली होती. माझं बोलणं हळू, चालणं हळू, घरचे कंटाळतात. इथं घाई चालतच नाही. आधी तिनं पालखेडची लढाई केली, तेव्हा आम्ही मजेत होतो, कारण ती आपण जिंकलेली. आता चाललं होतं पानिपत.

तिच्या आईनं, सुमतीबाईंनी, एकच अट घातली होती. माझ्या घरात कोणी कोणाला मारताना दिसायचा नाही. रिद्धीनं त्यावर तोड काढली. पडायचा माणूस पडलेला दाखवायचाच नाही. दोन फोटोंच्या मधे त्याला अलगद उचलून घ्यायचं. चित्रात तो आत्ता असतो, आत्ता नसतो. उचलायचं काम माझं. मी उचलायचो आणि ताटात कापसावर निजवायचो. सुमतीबाई एकदा ते ताट बघून म्हणाल्या होत्या, "रखमाजीभाऊ, तुम्ही तर दवाखानाच काढला."

त्या दिवशी पाटीवर कापूस पिंजून धुकं केलं होतं. रिद्धीनं माझ्याकडं पाहिलं, गोरखचं विचारलं, मी मान हलवली. थोड्या वेळानं ती दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठली. जाताना मागच्या रांगेतला एक शिपाई दाखवला. साधाच. पागोट्याचा रंग उडालेला, अंगाला तपकिरी चिंधीची घोंगडी. म्हणाली, "काका, आता हा उचला."

मी हात पुढं केला. दोन बोटांत त्याला धरलं. आणि मला उचलवेना.

तो कापसात उभा होता. चारी बाजूंनी पांढरं. कोणाचा तरी पोरगा असेल, त्याचीही घरी कोणी तरी वाट बघत असेल. मी त्याला उपटलं, तोंड फिरवलं आणि त्याच दाण्यांवर परत बसवलं. आता त्याची पाठ लढाईकडं आणि तोंड आपल्याकडं, दक्षिणेला. मनात म्हटलं, जा बाबा.

रिद्धी आली. तिनं फोटो काढला. त्याच वेळी पाटीवर कुठंतरी बारीक आवाज झाला. टच. माणूस दाण्यांवर बसवताना होतो, तसा. मला वाटलं, तिचा हात लागला.

ती फोटो बघत थांबली. मग पाटीकडं बघितलं. मग परत फोटोकडं.

"काका, याला तुम्ही हलवलंत?"

"तोंड फिरवलं फक्त. चुकलं का?"

तिनं मला जवळ बोलावलं. पाटीवर शिपाई मी बसवला होता तिथंच होता. फोटोत तो एक दाणा पुढं होता. एक पाय उचललेला.

तिनं दुसरा फोटो काढला. टच. फोटोत तो आणखी एक दाणा पुढं. पाटीवर जागच्या जागी. रिद्धीनं दिवे तपासले, तारा हलवून बघितल्या. गोदामात एकाएकी ओल्या घोंगडीचा वास यायला लागला, आणि घोड्याच्या घामाचा... आमच्याकडं कित्येक वर्षांत घोडा नाही, पण तो वास माणूस विसरत नाही.

"सगळं पुसून टाकते," ती हळूच म्हणाली. "उद्या नव्यानं करू."

"पुसू नको," मी म्हणालो. "चाललाय तो. मधीच थांबवला तर... कुठं उभा ऱ्हाईल?"

मी गोरखचं नाव घेतलं नव्हतं. पण तिला कळलं असावं. तिनं परत फोटो काढला.

ती फोटो काढायची, टच आवाज व्हायचा, तो एक पाऊल पुढं यायचा. पाटीवरचा कापूस ओंजळभर, पण फोटोतलं धुकं संपता संपेना. घोडे, तोफा, माणसं मागं पडली. मधेच तो दिसेनासा व्हायचा, तेव्हा रिद्धी दोन-तीन फोटो भराभर काढायची. पुन्हा दिसला की मी भिंतीला टेकायचो.

वरून सुमतीबाईंची हाक आली. दिवस मावळायला आला होता, आणि त्यांच्याकडं दिवस बुडाल्यावर कोणी तोंडात घास घालत नाही. दुसरी हाक आली. तिसरीला त्या स्वतः जिन्यात आल्या. रिद्धी न वळता म्हणाली, आई, मी आज जेवत नाही. सुमतीबाईंनी आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. नाकाला पदर लावला. त्यांनाही वास आला असणार. काही न विचारता त्या जिन्यातच पायरीवर बसल्या आणि ओठांतल्या ओठांत नवकार म्हणायला लागल्या.

शेवटी तो फोटोच्या अगदी कडेला आला. आता तोंड दिसायला हवं होतं, पण तिथं सावलीच होती. रिद्धीनं बटण दाबलं. आवाज झाला नाही. फोटोत नुसती हिरवी पाटी.

मी पाटीकडं बघितलं. तिथंही तो नव्हता. आम्ही टेबलाखाली पाहिलं, कापूस उलगडून पाहिला, ताट पाहिलं. कुठंच नाही.

माझा फोन वाजला तेव्हा आम्ही तिघंही दचकलो. नंबर अनोळखी. मी तो रिद्धीपुढं धरला, तिनंच उचलून स्पीकर लावला.

"आबा," गोरख म्हणाला.

मी नुसता हुंकार दिला.

तो एका गुरुद्वाऱ्यातून, तिथल्या कोणाच्या तरी फोनवरून बोलत होता. गाडी रस्ता सोडून खाली खड्ड्यात गेली होती. पाय मोडला, फोन चिखलात गेला. कसाबसा बाहेर आला तर धुक्यात रस्ता कुठल्या अंगाला तेच कळेना. कालपासून गव्हाच्या शेतात पडून होता, ओरडून ओरडून आवाज बसला होता. आज दुपारी गुंगी यायला लागली, थंडी वाजायचीसुद्धा थांबली.

"मंग एक मानूस आला, आबा. अंगावर घोंगडी. तोंड दिसंना. आपल्या बोलीत म्हनला, ऊठ. मी म्हनलं, पाय मोडलाय. म्हनला, येकेक पाऊल टाक, मी थांबतो. लाकूड दिलं हातात. आन आबा, त्याचं चालनं..."

"काय?"

"येक पाऊल टाकायचा, आन थिजल्यावानी उभा ऱ्हायचा. हलायचाच न्हाई. पापनी न्हाई, काय न्हाई. मंग परत येक पाऊल. जनू कोनाच्या हुकमाची वाट बघतोय. मला भ्या वाटलं, पन त्याच्यामुळंच मला चालाया जमलं. दिवं दिसल्यावर म्हनलं, पावनं, आत चला, काय खावा. न्हाई म्हनला. येवढंच इचारलं, आपल्या घोडनदीला पानी हाय का अजून? मी म्हनलं, हाय. तसा गेला."

रिद्धीनं कॅमेऱ्यावरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला. सुमतीबाई रडत होत्या. मी साळुबाईला फोन लावला आणि सांगितलं. ती म्हणाली, "रिंग मिळाली का?" आणि हुंदका फुटला तिला.

गोरख आठवड्यानं प्लास्टर घालून घरी आला. मी त्याला ते फोटो अजून दाखवलेले नाहीत.

रिद्धीनं महिनाभर गोदामाला कुलूप घातलं होतं. मग एका दुपारी मला बोलावून घेतलं. पाटी होती तशीच होती, सगळे शिपाई शत्रूकडं तोंड करून उभे. ती म्हणाली, आत्ता एक फोटो काढलाय, बघा. मी चष्मा लावला. फोटोत मागची अख्खी रांग वळून आमच्याकडं बघत होती. तिच्या पुढची रांगही वळायला लागलेली.

भीती वाटली, नाही असं नाही. मग रिद्धीनं दिवा नीट केला आणि म्हणाली, "काका, खुर्ची घ्या."

तेव्हापासून रोज दुपारी थोडे थोडे फोटो काढतोय, एकेक जण कडेपर्यंत येऊन निघून जातोय. किती दिवस लागतील, ठाऊक नाही.

परवा डिंगोरे गावची ठकूबाई दुकानात तांब्या घ्यायला आली होती. शेठजवळ सांगत होती, मी मागं गोदामाच्या दारात ऐकत होतो. दिवेलागणीला तिच्या अंगणात कोणी बाप्या माणूस येऊन उभा राहिला. लांबचा प्रवास केलेला, अंग चिखलानं भरलेलं. आत येईना. तिथूनच विचारलं, ह्ये घर अजून आमचंच हाय का?

शेठ म्हणाले, मग काय सांगितलंत?

"काय सांगनार? वळख न्हाई, पाळख न्हाई," ठकूबाई म्हणाली. "पन त्यो असा बघत व्हता, की मी म्हनलं, हाय. या."