दौंडची चार वाजताची मीटिंग

"मीटिंग इथंच हाय का?"

रोहननं वळून पाहिलं. दौंडच्या त्या शाळेच्या फाटकात एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, उन्हानं लाल झालेला चेहरा, आणि ओढणीच्या टोकानं ती चष्मा पुसत होती.

"कसली मीटिंग?" त्यानं सावधपणे विचारलं.

"तुम्ही कसल्या मीटिंगला आलाय?"

"मी... चारच्या."

"मग मीही तिथंच."

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, असं अनोळखी माणसासमोर म्हणायचं कसं? रोहनचा थोरला भाऊ संपत पीत होता, पार हाताबाहेर गेला होता. फोनवर एवढंच कळलं होतं — रविवार, चार वाजता, शाळेतला कोपऱ्यातला वर्ग.

दोघं कोपऱ्यातल्या वर्गात शिरले, तर समोर वीसेक बायका पोळपाट घेऊन बसलेल्या! बचत गटाचं पापडाचं प्रशिक्षण चाललं होतं.

"या, या! जोडीनं आलाय व्हय?" गीताबाई नावाच्या अध्यक्षीणबाईंनी दोघांच्या हातात लाटणी दिली. "लई झ्याक! बसा."

खरं सांगायची दोघांनाही लाज वाटली. मुकाट लाटत बसले.

"तुमचा पापड शिरूर तालुक्याच्या नकाशासारखा झालाय," शेजारची ती मुलगी हळूच म्हणाली.

"मग दौंड तालुका तुम्ही लाटा."

ती खुदकन हसली... आणि रोहन कशासाठी आला होता तेच क्षणभर विसरला.

खरी मीटिंग मागच्या बाजूच्या वर्गात निघाली. आठ-दहा माणसं, चहाची किटली, आणि रेल्वेतून रिटायर झालेले आनंदराव. बारा वर्षांत त्यांनी थेंबालाही शिवलं नव्हतं. "घरच्या माणसांनीही बसावं," ते म्हणाले. "इथलं बोलणं इथंच राहतं."

संपत काही आला नाही. रोहन मात्र मांडवगण फराट्याहून दर रविवारी मोटारसायकल काढू लागला. भावासाठी, असं घरी सांगायचा.

मोनाली — तिचं नाव पुढच्या रविवारी कळलं — खिडकीपाशी बसायची. तिची पाळी आली की म्हणायची, "आज नुसती ऐकते." शिक्रापूरच्या कंपनीत ती माल तपासायच्या कामावर होती, तिथंच खोली घेऊन राहायची.

"एवढ्या लांब येता?" त्यानं चहा देताना विचारलं.

"तिकडं कुणी ओळखीचं भेटलं तर? माझ्या... अगदी जवळचं माणूस पितं."

जवळचं माणूस! म्हणजे नवराच. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण कंपनीत दागिने चालत नसतील. मग ती आपल्या बिस्किटातलं अर्धं त्याला का द्यायची? तो बोलत असताना टक लावून का बघायची — आणि त्यानं बघितलं की मान का वळवायची? दुसऱ्याची बायको, असं स्वतःला दटावत तो घरी जायचा, आणि पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. त्याचं त्यालाच काही कळेनासं झालं होतं.

मग एका रविवारी ती उभी राहिली.

"माझं नाव मोनाली. मी दारुडी आहे." तिनं खिडकीचा गज घट्ट धरला. "आधी मैत्रिणींबरोबर शनिवारी घ्यायचे. मग एकटी. मग सकाळी, ड्युटीच्या आधी. आज चार महिने झाले, घेतली नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोहनच्या मनात पहिलं आलं ते — म्हणजे नवरा नाही! त्या आनंदाची त्याला लगेच लाज वाटली. आणि मागोमाग भीती आली... संपतच्या शपथा, आईचं रडणं. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच मांडीवर पडले.

तिनं ते पाहिलं.

मीटिंग संपल्यावर तो तिच्यामागं शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली गेला.

"घाबरलात ना?" तिनं विचारलं.

"व्हय. पण मी... मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासनं."

"मला एक वर्ष होईपर्यंत कुणात गुंतायचं न्हाई. आनंदराव आबांनी बजावलंय. अजून आठ महिने हायेत."

"आमचा आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असतो. आठ महिन्यांचं काय घेऊन बसलात?"

तिला हसू आलं, पण ओठांवरच विरलं. "आन् मी परत घेतली तर?"

काहीतरी गोड बोलायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते त्यानं गिळलं. "माहीत न्हाई," तो म्हणाला. "खरंच माहीत न्हाई."

"तुम्ही शपथा घेतल्या असत्या ना, तर मी इथं परत तुमच्याशी बोलले नसते." तिनं सॅक खांद्यावर टाकली. "रविवारी चहा प्यायचा. पापडावरनं भांडायचं. बाकी काही विचारायचं न्हाई."

"आन् आठ महिन्यांनी?"

"तवा... विचारून बघा." ती लाजली, आणि झपाझप स्टँडकडं निघाली.

ती वळणाआड जाईपर्यंत रोहन तिथंच उभा होता. आनंद जास्त झालाय की भीती, ठरवता येईना. मग तो वर्गात परतला. आनंदराव खुर्च्या एकात एक रचत होते.

"आबा, घरच्या माणसानं कसं वागायचं असतं, ते मला पहिल्यापासनं सांगा."

"भावासाठी?"

"भावासाठी बी," रोहन म्हणाला, आणि कान तापलेले असतानाच त्यानं रचलेली एक खुर्ची काढून आबांसमोर मांडली.