टोमणे फक्त जाहिरातीत

"आमचा पेशंट तसा गंभीर आहे," तो म्हणाला, "पण गुरुवारी शुद्धीवर येणार आहे. तोपर्यंतच मॉनिटर हवाय."

मी काउंटरमागे ऑक्सिजनच्या मशीनची जाळी साफ करत होते. आमच्या दुकानात आजारी माणसांसाठी यंत्रं भाड्याने मिळतात. वरखाली होणाऱ्या खाटा, ऑक्सिजनची मशीनं, नाडी दाखवणारे मॉनिटर. येणारे लोक बहुतेक घाबरलेले असतात. त्यांच्याशी हळू बोलायचं, हे मालकांनी मला कामावर घेतानाच शिकवलं होतं. म्हणून मी फडकं बाजूला ठेवलं आणि शक्य तितक्या हळू विचारलं,

"गुरुवारी... असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही, लेखक म्हणाले."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्टाच्या खिशात चिकटपट्टीचा रोल, कानामागे पेन्सिल, बोटांना सोनेरी रंग. चेहऱ्यावर काळजी होती, पण नातेवाइकाची नव्हे — उशीर झालेल्या माणसाची.

"मी सिरियलच्या सेटवर प्रॉपर्टी बघतो," तो म्हणाला. "गोष्टीत जी वस्तू लागेल ती आणून ठेवायची. परवा पाळणा आणला, आज मॉनिटर."

त्याने मालिकेचं नाव सांगितलं आणि मला हसू आवरेना.

"म्हणजे तो पाऊस तुम्ही पाडता?"

"का? काय झालं पावसाला?"

"दोनच माणसांवर पडतो. मागे उभी असलेली सायकल कोरडी असते."

तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पाईप एकच आहे, मॅडम."

मी त्याला मॉनिटर जोडून दाखवला. बोटाला चिमटा लावायचा, म्हणजे पडद्यावर नाडीची लाट आणि आकडा दिसतो. तो ते यंत्र बाळाला धरावं तसं दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरला. पायरीवर थांबला, मागे वळला... आणि तसाच गेला.

मी आत्याकडे राहते. आत्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हापासून ही मालिका तिची आणि ती मालिकेची. सुरुवातीला मी मधेमधे बोलायचे. नायिका गाढ झोपेतही कानात एवढाले झुमके घालून कशी, टोचत नाहीत का... आत्याने एक दिवस टीव्ही बंद केला, चष्मा काढला आणि घरासाठी कायदा केला.

"तुला जे काय बोलायचं ते जाहिरातीत बोल. भाग चालू असताना तोंड उघडायचं नाही."

तेव्हापासून मी टोमणे साठवते. साबणाची जाहिरात लागली की एकदम मोकळी होते. आत्या ऐकून घेते, कधी गालात हसते आणि भाग सुरू झाला की हात वर करते. पूर्वी वर्गात करत असणार, तसा.

त्या आठवड्यात तो परत आला. मॉनिटरचा आवाज कमी कसा करायचा, एवढंच विचारायचं होतं. हे फोनवरही जमलं असतं.

"काल बघितलंत?" त्याने विचारलं.

"बघितलं. ऑक्सिजनचा मास्क उलटा होता. नाकाचा भाग हनुवटीवर."

त्याने डोळे मिटून घेतले. "मीच लावला होता."

"पेशंट तरीही जगला. चिवट आहे."

"तुम्ही कळवत जाल का? काय काय चुकतं ते. मी पुढच्या वेळी नीट करीन."

"भाग चालू असताना नाही जमणार. आमच्याकडे टोमणे फक्त जाहिरातीत."

"चालेल की," तो म्हणाला. "मी जाहिराती बघायला लागतो."

आणि खरंच, रोज संध्याकाळी पहिली जाहिरात लागली की माझा फोन हातात यायला लागला.

'नवऱ्याने चष्मा काढला तर बायकोने त्याला ओळखलं नाही,' मी लिहायचे.

'चष्मा मी आणलेला. त्यात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.'

'सासूबाई दाराआड लपून ऐकत होत्या. दार काचेचं आहे.'

'लाकडी महाग पडत होतं.'

'रक्ताचा रिपोर्ट चहा गार व्हायच्या आत आला.'

'चहा सकाळपासून गारच आहे. कप बदललेला नाही.'

मी तोंडावर उशी धरून हसायचे. आत्या विचारायची, "कोण गं?" मी सांगायचे, "कामाचं आहे." आत्या म्हणायची, "कामाला एवढं हसू येतं होय?" आणि तेवढ्यात भाग सुरू व्हायचा.

त्याने माझं नाव फोनमध्ये 'जाहिरातबाई' असं ठेवलं होतं. हे मला त्यानेच सांगितलं, भाड्याची मुदत वाढवून घ्यायला आला तेव्हा. कारण तो गुरुवार येऊन गेला, त्यानंतरचेही काही गुरुवार गेले, पण पेशंट शुद्धीवर येईना.

"लोकांना तो झोपलेलाच आवडतोय," तो म्हणाला. "जागा असताना फार बोलायचा."

तो गेल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मला एक गोष्ट कळत नव्हती. मी चुका सांगत होते, तो त्या दुरुस्त करत होता. म्हणजे हे सगळं मास्कसाठी होतं की माझ्यासाठी? मी विज्ञान शिकले आहे. दोन्ही शक्यता सारख्याच दिसत असतील, तर मनाला हवी ती निवडायची नाही, एवढं मला कळतं. आवडत नसलं तरी कळतं.

मग एक दिवस त्याने मला सेटवर बोलावलं. यंत्र बिघडलं नव्हतं. पेशंट झालेला नट बिघडला होता. प्रसंगात नायिका त्याचा हात हातात घेऊन रडणार होती आणि प्रत्येक वेळी बोटाचा चिमटा निसटून पडद्यावरची लाट गायब व्हायची.

"दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाला लावा," मी सुचवलं. "वायर गादीआडून खाली न्या. खाटेखाली एक माणूस झोपवा."

सगळ्यांनी प्रॉपर्टीवाल्याकडे बघितलं.

तो निमूटपणे स्वतःच्या बोटाला चिमटा लावून खाटेखाली शिरला. वायरचा जोड सैल होता, कुणीतरी तो धरून बसायला हवा होता. म्हणून दुसऱ्या बाजूने मीही शिरले. खाली धूळ होती आणि लाकडाच्या भुशाचा वास. आमच्यावर एक माणूस बेशुद्ध असल्याचं सोंग करत होता आणि एक बाई डोळ्यांत औषध घालून घेत होती. आमच्या चेहऱ्यांमध्ये वीतभर अंतर असेल.

"कसं वाटतंय?" मी कुजबुजले.

"जागा छोटी आहे. पण शेजार चांगला आहे."

"बोलू नका. नाडी बदलेल."

"मग तुम्ही जरा तिकडे बघा."

मी बघितलं नाही तिकडे. 'अॅक्शन' झालं. वर हुंदके सुरू झाले. मी जोड घट्ट दाबून ठेवला, जरा पुढे सरकले. त्याने एकदम डोळे मिटले. असे घट्ट, की कपाळावर आठ्या आल्या. श्वासही थांबवला असावा. मग दिग्दर्शक म्हणाला, "ओके, छान," आणि आम्ही आपापल्या बाजूने बाहेर आलो, धुळीने माखलेले. तो थेट पाणी प्यायला पळाला.

काही दिवसांनी जाहिरातीत त्याचा मेसेज आला. 'मालिका बंद होतेय. या महिन्याअखेर. मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय, वर्षभराचं.'

मी 'अभिनंदन' लिहिलं. भाग सुरू झाला. त्या दिवशी पडद्यावर काय झालं ते मला आठवत नाही.

मालिका संपली की जाहिरात संपणार, जाहिरात संपली की टोमणे. आणि टोमण्यांशिवाय आमच्यात बोलण्यासारखं काही आहे की नाही, हे मला कसं कळणार होतं? विचारायला हवं होतं. पण विचारणं म्हणजे... मी रोज ज्याला हसते, तोच प्रसंग मी स्वतः करून दाखवायचा.

शेवटच्या आठवड्यात तो खाटेखालचा प्रसंग दाखवला. नायिका रडत होती, 'एकदा डोळे उघडा' म्हणत होती. मी मनात टोमणा जुळवत होते की औषधाचा थेंब गालावर फार सरळ ओघळलाय. आणि कॅमेरा मॉनिटरवर गेला.

आकडा वाढत होता. सत्तरच्या आसपास रेंगाळणारा आकडा चढत चढत शंभरावर गेला. हिरवी लाट दाटीवाटीने पळायला लागली.

"बघितलंस?" आत्याचा आवाज भरून आला. "शुद्ध नाही त्याला. पण हृदयाला कळतंय."

भाग चालू असताना आत्या स्वतःच बोलली होती. एवढी न पटण्यासारखी गोष्ट मी त्या मालिकेत कधी पाहिली नव्हती आणि ती खरी होती, हे बघणाऱ्यांपैकी फक्त मला माहीत होतं. ते बोट कुणाचं होतं, मला माहीत होतं. त्या वेळी त्याच्यासमोर कोण होतं, तेही.

जाहिरात लागली. मी गप्प. आत्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

फोन वाजला. 'आज जाहिरातबाई गप्प?'

मी उत्तर दिलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या कारणं शोधत बसले. धूळ असेल. अवघडून पडल्यामुळे पायात गोळा आला असेल. श्वास रोखला असेल, त्यानेही नाडी बदलते. एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. हे सगळं मी स्वतःला समजावलं, आणि तरीही सकाळी दुकानात जाताना कारण नसताना हसत होते.

मॉनिटर परत करायला तो आला तेव्हा बाहेर टेम्पो उभा होता. त्यात खोटा पाळणा, तुळशीचं खोटं रोप, काचेचं दार. दुकानात मालक आतल्या खोलीत हिशेब बघत होते.

"एक विचारायचं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी खाटेखाली तुमची नाडी वाढली होती."

"तुम्हाला कळलं?"

"सगळ्यांना कळलं. आमची आत्या रडली."

त्याने मॉनिटर छातीशी धरला होता तो तसाच. कान लाल झाले होते.

"खरं सांगू?"

"सांगा."

"शिंक येत होती."

"काय?"

"तुम्ही पुढे सरकलात ना, तुमचे केस माझ्या नाकाखाली आले. शिंकलो असतो तर सीन गेला असता. म्हणून श्वास कोंडून पडलो होतो. मला वाटलं, आता मीच जातोय."

मी मान हलवली. स्पष्टीकरण पूर्ण होतं, नीट बसत होतं. मिटलेले डोळे, आठ्या, ते पाण्याकडे पळणं... सगळं शिंकेत बसत होतं. एखादा मोजमापाचा प्रश्न सुटला की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. मला वाटलं होतं, माझ्यामुळे असेल."

"तुमच्यामुळेच की. केस तुमचेच होते."

"तसं नाही."

मग मला कळलं की नोंद चुकीची निघाली, तरी माझा निष्कर्ष जागचा हललेला नाही. तो त्या आकड्यावर उभाच नव्हता.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "पुरावा काही नाही माझ्याकडे. पण आवडता."

संगीत वाजलं नाही. सिरियलसारखं कुणी तीनदा वळून पाहिलं नाही. आत मालक खोकले आणि टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तो इतका वेळ हातात धरलेला मॉनिटर त्याने काउंटरवर ठेवला, आणि हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं हे त्याला कळेना.

"मी दोनदा लिहिलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "दोन्ही वेळा खोडलं."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही आमच्या लेखकाचं काय करता ते मी रोज वाचतो. माझं वाक्य तुमच्यापुढे टिकलं असतं का?"

हे मला लागलं. त्याने सहज म्हटलं होतं, तरी लागलं. एवढे दिवस मी त्याच्या येण्याची वाट बघत होते आणि दारात मीच काठी घेऊन बसले होते.

"काय लिहिलं होतं?"

"हसाल."

"नाही हसणार."

तो काउंटरच्या कडेकडे बघत म्हणाला, "की... मालिका कितीही वाईट असू दे, तुमच्या जाहिराती संपू नयेत असं वाटतं."

मी हसले. प्रयत्न केला होता, पण हसले. त्याने 'बघा' अशा अर्थाने हात पसरले आणि तोही हसायला लागला.

"वाईट आहे वाक्य," मी म्हणाले. "पण मला चालेल. खोडू नकोस."

मी 'नकोस' म्हणाले हे माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा असा उजळला, की तो प्रकाश कुणी बाहेरून टाकलाय का हे बघायला मी खरंच दाराकडे नजर टाकली. दारात फक्त टेम्पोवाला होता.

"साहेब, निघायचं का? माल बांधलाय."

"आलो रे." तो दोन पावलं गेला आणि परत आला. "तिकडे आठवड्यातून एकच सुट्टी असते. रविवारी. सकाळच्या गाडीने निघालो तर दुपारपर्यंत इथे पोहोचतो. तू काय करतेस रविवारी?"

"आत्या झोपते दुपारी," मी म्हणाले. "मी नदीच्या रस्त्याने फिरायला जाते. एकटीच जाते..."

त्याने वाट पाहिली.

"जात होते," मी म्हणाले.