घंगाळावरचं नाव

माणूस जातो आणि वस्तू मागे उरतात. मानवजातीच्या एकूण एक भीतीचं मूळ या एका अन्यायात आहे. हे भव्य वाक्य मला बीडच्या बसस्थानकावर सुचलं. तेव्हा आष्टीच्या गाडीत मी खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवर एक गृहस्थ बसले होते आणि माझ्याच रुमालाने मान पुसत होते. मी उभ्याने गेलो. वाक्य तेवढं जपून ठेवलं, कारण दिवाळी अंकाला सुरुवात भारदस्त लागते.

काम असं होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ‘सामान’ नावाची एक भयमालिका टीव्हीवर लागायची. दर भागात घरातली एखादी शापित वस्तू. कधी कुकर, कधी शिलाई मशीन, कधी देव्हाऱ्यातली घंटा. तेव्हा आमच्याकडे ती फारशी कुणी पाहिली नाही, कारण नेमकी त्याच वेळी वीज जायची. आता कुणीतरी तिचे सगळे भाग यूट्यूबवर टाकलेत आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ती पोरं त्या कुकरच्या शिट्टीची रिंगटोन लावून क्लासला जातात. ‘प्रेक्षकांची मतं गोळा करा,’ संपादक म्हणाले. ‘खुसखुशीत. लोक हसले पाहिजेत.’ मी विनोदी लेखनातून निवृत्त झालोय, असं त्यांना सांगितलं. ते खूप हसले.

मतं भरपूर मिळाली. कुकरने नायकापेक्षा चांगलं काम केलंय. त्या घरातल्या बाया इतक्या किंचाळतात, मग शेजारी काय करत असतात? पण बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी घंगाळाच्या भागावर यायचं. एका घरात अंघोळीचं जुनं पितळी घंगाळ असतं, बस. शेवटी कॅमेरा त्याच्या काठावर येऊन थांबतो. बराच वेळ थांबतो. पाणी उकळल्याचा आवाज तेवढा येत राहतो. मग आतून एक बाई शांतपणे म्हणते, ‘पाणी काढलंय.’ भाग संपतो.

या भागाचा मला थोडा अभिमानही होता. त्यातलं घंगाळ माझ्या मित्राच्या, मन्मथप्पाच्या भांड्याच्या दुकानातलं. शूटिंगवाले बीडला आले तेव्हा भाड्याने घेऊन गेले आणि एक पोचा पाडून परत देऊन गेले. ते अजून दुकानात वर टांगलेलं आहे. खाली पुठ्ठा: ‘टीव्हीत आलेले. विक्रीस नाही.’

आष्टीच्या आधी मी तेलगावला गेलो होतो. बायडाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मालिका ती सुनेच्या मोबाइलवर बघते.

“बरी हाय,” ती म्हणाली. “पन पानी लई वाया घालवत्यात. आन् त्या घंगाळावर मालकाचं नाव कोनी टाकलं, त्ये काय समजलं न्हाई.”

“कुठल्या मालकाचं?”

“आमच्या.”

“काय नाव?”

“घ्या! आता या वयात नाव घ्यायला लावता का? उखाना येत न्हाई मला.”

सून तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. मी तो भाग दोनदा पाहिला होता आणि त्या काठावर मला कोरं पितळ दिसलं होतं. पण भांड्यावर नाव असतंच, आपल्याकडे वाटीसुद्धा बिननावाची नसते; म्हातारीला दिसलं असेल.

“मालक कुठं आहेत?”

“गेले की. पोळ्याला बैल धुवायला वढ्यावर गेलते.” एक शेळी पाल्यावरून दुसरीला ढुसण्या देत होती, तिच्या पाठीत तिने चापट मारली. “पान्यातच गेले.”

आष्टीला गहिनीनाथचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘सामान’चा सगळ्यात मोठा जाणकार म्हणून त्याचं नाव मला चार जणांनी सांगितलं होतं. दुकानात सगळे मोबाइल पालथे ठेवलेले होते.

“तुमचं मत काय?”

“पाहू नका.”

“म्हणजे वाईट आहे?”

“लई भारी हाय. पाहू नका.”

मी बसून राहिलो. बसून राहणं ही माझ्या धंद्यातली एकमेव कला. थोड्या वेळाने तो स्वतःच बोलला. “त्या घंगाळावर मला बंकट दिसलं. मपला भाऊ. मी म्हनलो, बे बंकट, तुपलं नाव टीव्हीत आलं, पार्टी दे. तो इथंच बसलेला, वडा खात. त्याला त्याचं नाव दिसंना. त्याला आईचं दिसलं. आमी भांडलोत त्याच्यावरून. तू आंधळा का मी आंधळा.”

“मग?”

“मंग काय. दोघंबी न्हाईत आता.”

बाहेर ऊसतोड्यांची गाडी भरत होती, कुणीतरी कुणाला तरी मोठ्याने हाका मारत होतं. गहिनीनाथने माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमाला कुनाचं दिसलं?”

“कुणाचंच नाही.”

“घरी कोन कोन हाय?”

“मीच.”

“मंग बराबर हाय,” तो म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर उचलून कामाला लागला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, त्यामुळे विचार करता आला. माणूस गेला की मागचे लोक आठवणी नव्याने लावतात. आधी काय दिसलं आणि नंतर काय आठवलं, यातला फरक त्यांनाही कळत नाही. चाळीस वर्षं मी पुढाऱ्यांच्या आठवणी ऐकल्या आहेत, मला हे कुणी शिकवायची गरज नाही. एकूण मजकूर छान जमला होता. मी उतरलो तो थेट मन्मथप्पाच्या दुकानात गेलो, कारण जमलेला मजकूर आधी त्याला ऐकवायचा असा रिवाज आहे.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अप्पाच्या कपाळावरचं भस्म घामाने ओलं झालं होतं. नीलम्मावहिनी डबा घेऊन आल्या होत्या आणि पायरीजवळ बसून पळ्या पुसत होत्या. मी बायडाबाईची नक्कल केली, गहिनीनाथची केली. अप्पा गल्ल्यावर हात आपटून हसला.

वहिनी हसल्या नाहीत.

“काय वहिनी, घाबरलात?”

“मी सकाळी पाह्यला तो भाग,” त्या म्हणाल्या. “आपलं घंगाळ कसं दिसतंय म्हनून. त्याच्यावर प्रणिता हाय.”

प्रणिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरी करते.

अप्पाने मोबाइल मागून घेतला. तो भाग लावला, काठ आला तिथे थांबवला. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला.

“तिचंच हाय,” तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. तोच पडदा, तीच वेळ. कोरं पितळ. एक पोचा.

वहिनींनी फोन लावला. पलीकडून प्रणिताचा आवाज दुकानभर ऐकू आला. “आई, मी जिवंत आहे आणि मीटिंगमध्ये आहे, म्हणजे जवळपास सारखंच. काय झालं?”

“अंघोळ झाली का गं?”

“दुपारी? ऑफिसात?”

“आज करू नको. उद्याबी करू नको. मी सांगीपर्यंत पान्यापाशी जाऊ नको.”

“आई, बाबांना फोन दे.”

अप्पाने फोन घेतला, “आई म्हनती तसं कर, बाळा,” एवढंच म्हणाला आणि ठेवला. मग स्टुलावर चढून त्याने घंगाळ खाली काढलं. आम्ही तिघांनी ते उजेडात फिरवून पाहिलं. काठ, कड्या, बूड. नाव कुठेच नव्हतं.

“कसं असंल?” अप्पा म्हणाला. “इकल्याबिगर भांड्यावर नाव टाकतंय कोन?”

“म्हनूनच,” वहिनी म्हणाल्या. “कोरं हाय म्हनून तर ज्याला त्याला आपल्या मानसाचं दिसतंय. एकदा एक नाव कोरलं की त्याच्यावर दुसरं बसंल का? माझं टाका.”

“तुजं कावून? दुकान माझं हाय.”

“पोरगी माझी हाय.”

“माझी न्हाई का?”

नवरा-बायको पळ्यांच्या ढिगाऱ्यावरून भांडायला लागले. मरायचा मान कुणाचा यावर. मला ते बघवेना. गंमत म्हणून किंवा सोडवणूक म्हणून, मी म्हणालो, “माझं टाका. माझ्या घरी ते वाचायला कुणी नाही.”

ही फार सभ्य माणसं आहेत. चहाला विचारलं तरी दोनदा नको म्हणतात.

या वेळी एकदाही कुणी नको म्हणालं नाही.

“सर, खरंच?” वहिनी म्हणाल्या. अप्पाने माझ्याकडे न बघता हाक मारली, “हरिबा!”

हरिबा दुकानाच्या ओट्यावर बसून भांड्यांवर नावं टाकतो. सगळीकडे मशीन आलं तरी हा छिन्नीने टाकतो. त्याने घंगाळ मांडीत घेतलं, फडक्याने काठ पुसला. “काय टाकू?”

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

टिक. टिक. टिक.

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. प्रत्येक ठोक्याला दुकानातली रिकामी पातेली हलकेच वाजत होती.

तो थांबला. फुंकर मारली. वहिनींनी मोबाइल उचलला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “गेलं.” आणि पळ्यांवर डोकं टेकवून रडायला लागल्या.

प्रणिता सुखरूप आहे. रोज आईला फोन करून अंघोळ केल्याचं कळवते आणि वर चिडते. दिवाळीला येणार आहे.

गोष्ट इथे संपली असती. पण मला प्रेक्षकांची मतं गोळा करायची होती, म्हणून चार-सहा दिवसांनी त्या भागाखालच्या कॉमेंट पुन्हा उघडल्या. नांदेडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘आधी यात माझ्या बाबांचं नाव होतं. आता दुसरंच कुणाचं आहे. ज्यांचं असेल त्यांचे आभार.’ त्याखाली आभारांची रांग. अकोला, इचलकरंजी, वाशी. सगळ्यांना एकच नाव दिसत होतं आणि ते माझं होतं. कुणीतरी विचारलं होतं, ‘हे कोण? लेखक होते का?’ होते. माझ्या लेखक असण्यावर इतकं एकमत आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मी भाग लावून पाहिला. मला अजूनही कोरं पितळ दिसतं.

परवा आणखी एक कॉमेंट आली. ‘नावाच्या आधी आता बारीक काहीतरी दिसू लागलंय. कुणाला वाचता येतं का?’ लगेच उत्तर: ‘कै.’

मी चपला घालून दुकानात गेलो. घंगाळ उतरवायला लावलं. कै. नव्हतं. हरिबाच्या वळणदार अक्षरात माझं नाव होतं आणि नावाच्या आधी बोटभर जागा सोडलेली होती.

“हरिबा, ही जागा कावून?”

“सोडतोच आमी, सर,” तो दुसऱ्या कुणाच्या तरी ताटावर ठोकत म्हणाला. “भांडं टिकतंय. पुढं लागती.”

वहिनींनी चहा दिला. अलीकडे त्या माझ्यासमोर आल्या की पदर नीट करतात, भिंतीवरच्या फोटोसमोर करतात तसा.

तर संपादक महाराज, मतं गोळा झाली, लेख वेळेत पाठवतोय. एक छोटी विनंती. लेखाखाली माझं नाव घालू नका. आणि घातलं नाही म्हणून तिथे जागाही मोकळी सोडू नका. एखादी जाहिरात टाका, भांड्यांची सोडून कुठलीही चालेल.