वळचणीची फट

पडदे शिवायला म्हणून मी ताईकडे गेले होते, दुसरं काहीच कारण नव्हतं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिचं लग्न उशिरा जमलं आणि बिजवराशी जमलं. भावजींची पहिली बायको छातीच्या दुखण्यानं गेलेली. माणूस रुंद खांद्यांचा, मोठा गुणी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून दुपारी परतायचे, हातपाय धुवायचे आणि चहाचा कप घेऊन वरच्या खोलीत जायचे. तिन्हीसांज होईपर्यंत खाली उतरायचे नाहीत.

ती खोली म्हणजे पहिलीची. शेवटचं वर्ष तिनं तिथेच अंथरुणावर काढलं होतं.

घर चढावाच्या टोकाला, रस्ता संपतो तिथे. थंडीत तिथे भर दुपारी धुकं खाली यायचं आणि फाटकसुद्धा दिसेनासं व्हायचं. वरची खोली उतरत्या छपराची. तिच्या बुटक्या भिंतीत एक लाकडी झडप होती. ती उघडून रांगत आत गेलं की थेट वळचणीखालची पोकळी. कौलांखालून वारा आत शिरायचा, वाशांमधून वर चढायचा आणि आढ्याजवळून बाहेर पडायचा. त्याचा एक आवाज व्हायचा. हळूच आत ओढलेला, मग लांबवर सोडलेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, खोलीत कुणीतरी झोपलंय.

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "तेच ऐकत बसतात रोज. मी खाली एकटी भिंतीशी बोलते, आणि हे वर तिच्याशी."

"अगं, वारा आहे तो."

"वारा असता तर मला कशाला जळफळाट झाला असता? जिवंत असती तर झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या. मेलेल्या सवतीचं काय करायचं, सांग!"

त्याच आठवड्यात मिस्त्री आला होता. घर गारठतं, म्हणून वळचणीत काचेची लोकर, म्हणजे ग्लासवूल, भरायची असं ठरलेलं. मिस्त्री बडबड्या, झडपेत अर्धा शिरूनही तोंड चालूच. लोकरीच्या पिवळ्या गाद्या त्यानं पोकळीभर, पार भिंतीच्या कडेपर्यंत अंथरल्या. पण प्रत्येक दोन वाशांमध्ये, लोकर आणि छपराच्या फळ्या यांच्यात त्यानं एकेक प्लास्टिकची पन्हळ बसवली.

"एवढी फट कशाला ठेवलीत?" ताईनं विचारलं.

"वाऱ्याला वाट नको का, वहिनी? घरातली वाफ वर चढते. वारा खेळता राहिला तर ती निघून जाते. फट बुजली की छप्पर घुसमटलंच म्हणून समजा. वासे कुजतात."

"घुसमटतं," ताई पुटपुटली. तो शब्द तिला आवडल्यासारखा वाटला.

भावजी आले. नव्या लोकरीकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. झडपेशी वाकून मिस्त्रीला एवढंच विचारलं, "आवाज... तो बंद नाही ना होणार?"

"नाही साहेब. वारा चालू, तर आवाज चालू."

भावजींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते ताईनंही पाहिलं. लग्नानंतर इतक्या दिवसांत असं समाधान आपल्यासाठी एकदाही दिसलं नाही, हे ती नंतर मला म्हणाली. तेव्हा मात्र ती कपबशा उचलून खाली निघून गेली.

मिस्त्रीचं काम आटोपलं. दुसऱ्या दिवशी भावजी कचेरीत गेल्यावर ताईनं तोंडाला फडकं बांधलं, उरलेल्या लोकरीचं पोतं ओढत वर नेलं आणि झडपेतून आत शिरली. मी शिवण टाकून मागोमाग धावले.

"ताई, काय चालवलंयस?"

आतून तिचा दबका आवाज आला. "तिचा दम काढतेय."

मी खूप सांगून पाहिलं. ती एकेका पन्हळीच्या तोंडात लोकरीचे बोळे ठासत पुढे सरकत होती. बोळ्यागणिक तो आवाज बारीक होत गेला. शेवटी नुसती शीळ राहिली... आणि तीही थांबली. घर इतकं निःशब्द झालं, की खालच्या नळाचं टपटपणं ऐकू यायला लागलं. ताई अंग खाजवत बाहेर आली. केसांत पिवळे तंतू, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर हसू.

त्या दुपारी भावजी वर गेले आणि लगेच खाली आले. चहा तसाच हातात. ताईसमोर बसून म्हणाले, "आज वर करमत नाही." ताईनं मला डोळा मारला. नव्या नवरीसारखी दिसत होती ती.

तिचं हे सुख फार टिकलं नाही. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायला लागलं. वरच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल उमटली, आणि सगळ्या घराला आजाऱ्याच्या खोलीचा वास यायला लागला. औषधाचा, ओल्या पांघरुणाचा. मग भावजींना धाप लागायला लागली. जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. डॉक्टरांनी छाती तपासली, काहीही सापडलं नाही. अंगणात नेलं की माणूस ठणठणीत. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की पुन्हा तेच. आणि ती धाप... हळूच आत ओढलेली, मग लांबवर सोडलेली. मला तो आवाज ओळखता आला. ताईलाही आला.

"ताई, बोळे काढ," मी म्हणाले.

"काढणार नाही! तिला तेच हवंय. माझ्या माणसाच्या छातीत जाऊन बसलीय सटवी."

पुढच्याच दुपारी भावजी जिन्यात कोसळले. बाहेर दाट धुकं, आत वाफ. त्यांचे ओठ निळे पडले होते. मी त्यांना धरून बाहेर ओढायला गेले, तर त्यांनी कठडा घट्ट पकडला. मान हलवून वर बोट दाखवत राहिले.

ताई क्षणभर तशीच उभी राहिली. मग धावत वर गेली. मी भावजींची मान पायरीवर नीट टेकवली आणि बॅटरी घेऊन तिच्यामागे झडपेशी पोहोचले.

आत फळ्यांवरून पाणी ठिबकत होतं. ताई रांगत एकेक बोळा उपसत होती. ओला, आणि उनउनीत. प्रत्येक बोळ्याबरोबर अंधारात कुणीतरी श्वास घ्यायचं... आणि खाली जिन्यात भावजीही घ्यायचे. दोन्ही एकदम. शेवटच्या पन्हळीशी मात्र ताई अडली. बोळा निघेना. तिनं दोन्ही हातांनी ओढला. तो आणखी आत गेला. पलीकडून कुणीतरी धरून ठेवला होता.

"सोड गं," ताई कुजबुजली. "सोड... मरतील ते."

खालची धाप तुटत चालली होती.

ताईनं कपाळ वाशाला टेकलं. ती रडत होती, पण आवाज एकदम घरगुती झाला, शेजारणीशी बोलावं तसा. "बरं. दुपारी ते तुझे. मी वर येणार नाही, हाक मारणार नाही. रात्री मात्र माझे... चालेल?"

बोळा अलगद तिच्या हातात आला.

भावजी त्याच दिवशी उठून बसले. पुन्हा दुपारी वर जायला लागले. ताई शब्दाला जागली. दुपारभर खालचं दार लावून बसायची, ओठ मिटून, जिन्याकडे पाठ करून. वाळली बिचारी. पण नवरा जगला.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी पुन्हा तिच्याकडे गेले. ओल वाळली की नाही ते पाहायला ताईला वर जायचं नव्हतं, म्हणून सकाळीच मी झडप उघडली. भावजी सुट्टीमुळे घरीच होते. खाली टेबलाशी ताईशी बोलत होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

वासे कोरडे होते, वारा छान खेळत होता. पण वळचणीच्या कडेला लोकर दबली होती. दोन माणसं शेजारी शेजारी झोपावीत, अशी. एक जागा बारीक, दुसरी रुंद खांद्यांची. मी बारीक जागेला हात लावला. गार. मग रुंद जागेला लावला. ती ऊबदार होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"काय आहे गं वर?" खालून ताईनं हाक दिली.

"काही नाही," मी म्हणाले. "कोरडं आहे सगळं."

खाली भावजी कशालातरी हसले. आणि माझ्या डोळ्यांदेखत रुंद जागेतली लोकर हलकेच सरकली, आतल्यानं बारीक जागेकडे कूस बदलावी तशी.