मनाची सावड

बारटक्के साहेबांना वागायची रीत म्हणून नव्हती. आले, चपला न काढता सोप्यात बसले, गोदाक्कांच्या हातचा चहा भुरके मारत प्याले, आणि मग विहिरीवरच्या मोटारीची चौकशी करावी तसं विचारलं, "काय, कशी चाललीय धारणा?"

"मी बरी आहे का, हे विचारायला जीभ जड होते का हो तुमची?" गोदाक्का म्हणाल्या.

साहेब नुसते हसले. त्यांना कसलाच राग येत नसे. हल्ली त्यांच्या पाती बनवणाऱ्या कंपनीत कुणालाच येत नसे.

"पुढच्या महिन्यापासून तुमच्या मुलाची, शीतलची, कामाची पाळी लांबवतोय," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हालाही जास्त वेळ धरावं लागेल. झेपत नसेल तर सांगा. मनाचा आजार असून ज्याच्या घरात धारक नाही, त्याला आम्ही कामावर ठेवत नाही."

धारक म्हणजे दुसऱ्याची उदासी स्वतःवर घेणारा माणूस. शोध तसा नवाच होता. मेंदूतल्या पेशी मिळून एका तालात चालतात. खोल नैराश्याच्या आजारात हा ताल मंद होतो, जड होतो आणि तिथंच रुतून बसतो. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं मंदलय. पुष्कळांची मंदलय औषधांनी सुटते. शीतल मगदूमसारख्या काहींची सुटत नाही. पण ती हलवता येते, असं आढळलं. दोघांच्या मानेमागं एकेक पट्टी लावायची, मग दोघं कितीही लांब असोत. एकाची मंदलय जेवढी उतरते, तेवढीच दुसऱ्यावर चढते. ती विरत मात्र नाही. तापलेलं दूध दुसऱ्या पातेल्यात ओतलं तर पहिलं पातेलं निवतं, दूध तापलेलंच राहतं. पाळी संपली, पट्ट्या काढल्या, की ज्याचं त्याला परत. या सोयीला सगळ्या कंपन्यांनी एकच नाव ठेवलं होतं. सावड.

गोदाक्का तिसरीपर्यंत शिकलेल्या. पण सावड कशाला म्हणतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आज तुम्ही आमच्या रानात भांगलायला या, उद्या आम्ही तुमच्या रानात येतो. मजुरी नाही, उपकार नाही. कंपनीनं नाव तेवढं उचललं होतं. गोदाक्का रोज कंपनीच्या रानात राबत होत्या, आणि कंपनी त्यांच्या रानात फिरकतसुद्धा नव्हती.

पट्टी पहिल्यांदा लावली तेव्हा कुणीतरी ओली गोधडी अंगावर टाकल्यागत झालं होतं. फोडणी करायची म्हणून त्या मोहरीचा डबा घेऊन चुलीपुढं उभ्या राहिल्या, त्या उभ्याच. नवऱ्याच्या माघारी लेकरं वाढवलेली, भाऊबंदांना बांधावरून हुसकून लावलेली बाई, आणि तिला डब्याचं झाकण उघडवेना. तेव्हा त्यांना कळलं की हे सगळं घेऊन पोरगा वर्षानुवर्षं उठत होता, दाढी करत होता, डबा घेऊन कामाला जात होता. आणि मुकादम त्याला आळशी म्हणत होता! त्यांना रडू आलं नाही. त्या अंधारातसुद्धा छाती भरून आली. माझा लेक हे उचलून चालत होता!

आता गल्लीत बऱ्याच घरांत एकेक धारक होता. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप. दुपारी या गल्लीत शेवया वाळायच्या, सांडगे पडायचे आणि कुणाच्या कोंबडीनं कुणाचे दाणे टिपले यावरून भांडणं पेटायची. आता सगळीजणं आपापल्या भिंतीला टेकून बसलेली. भांडायलाही कुणी उठत नव्हतं.

हे तंत्र ज्यांनी शोधलं, त्या डॉक्टर अश्लेषा नाबर धारकांना तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात आल्या होत्या. गोदाक्का समोर जाऊन बसल्या त्या उत्तर घेऊनच उठायचं ठरवून.

"डॉक्टरीणबाई, ह्याला रक्ताचंच माणूस लागतं का?"

"असं कोण म्हणालं?"

"आमचे साहेब."

"मुळीच नाही. रोज शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांच्या मेंदूंचे ताल आपोआप जुळत जातात. कधीकधी आईपेक्षाही चांगले. माझ्या पहिल्या प्रयोगात एकाचं ओझं दहाजण वाटून घ्यायचे. सोबती, मुकादम, मालकसुद्धा. एकेकाच्या वाट्याला इतकं थोडं यायचं, की त्या दिवशी जेवण जरा अळणी लागायचं, बस्स."

"मग काय झालं?"

"मालकांना अळणी जेवण नको होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बोलले मी. कुणी ऐकलं नाही."

"हळू बोलला असाल," गोदाक्का म्हणाल्या.

डॉक्टर जराशा ओशाळल्या. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आजारी माणसाला थोडी उसंत मिळेल. झालं उलटंच. मन दुखतं ते सांगण्यासाठी दुखतं, अक्का. काम जास्त झालंय, कुणी अपमान केलाय, आता थांबा. कंपनीला आता ते ऐकूच येत नाही. पाळ्या वाढवा, सुट्ट्या कापा, समोरची सगळी तोंडं हसरी. ज्याला दुखतं तो घरी बसलेला असतो."

"दहाजणांनी वाटून घ्यायला कंपनीची परवानगी लागते?"

"कायद्यानं नाही. देणारा हो म्हणाला, घेणारा हो म्हणाला, की झालं."

त्या संध्याकाळी शीतल घरी आला, पट्ट्या निघाल्या, आणि त्याचं ओझं त्याच्याकडं परत गेलं. तो खाटेच्या कडेला बसून हळूहळू बोलू लागला.

"आई, उद्यापासून तू धरायचं नाहीस. मी घरी येतो आणि तुझं तोंड बघतो. ते माझंच तोंड असतं. लोकांना सांगायची लाज वाटली, म्हणून तुझ्या अंगावर टाकलं मी."

"लाज? तू काय चोरी केलीस? दहाजणांचं ओझं एकट्यानं वाहिलंस. लाज वाटायची तर बघत बसणाऱ्यांना वाटू दे." त्यांनी त्याला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. "उद्या मी येते तुझ्यासंगं. पण तोंड तू उघडायचं. ज्याचं रान, त्यानं सावड मागायची असते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शीतल पट्टी न लावता कँटीनमध्ये उभा राहिला. चेहरा राखेसारखा. गोदाक्का दाराशी, पदर खोचून.

"माझ्या मनाला आजार आहे," तो म्हणाला. "जुना आहे. आजवर आई धरत होती. आज माझं माझ्याकडंच आहे. कुणी थोडं थोडं घेतलं तर मी काम करू शकतो. नाही घेतलं तरी उद्या येणार आहे."

मग त्याच्या शेजारी पाती घासणारा तौफिक जमादार उठला आणि कॉलर खाली ओढून मान पुढं केली.

"अरे मर्दा, इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभा आहेस, बोलायला काय झालं होतं? दे इकडं. बायको माहेरी गेल्याची उदासी मात्र माझी मलाच पुरते, त्यात भर घालू नको." लोक हसले. तौफिक हसला नाही. "आणि पुढच्या खेपेला माझी पाळी. माझं अम्मी धरते. कुणाला बोललो नव्हतो."

मग एकेकजण उठू लागला. कुणी म्हणालं, माझं बायको धरते. कुणी म्हणालं, बाप. इतकी वर्षं एका टेबलावर डबे उघडणाऱ्यांना ते त्या दिवशी कळत होतं.

गलका ऐकून बारटक्के आले. "हे काय चाललंय?"

"सावड," गोदाक्का म्हणाल्या. "नऊजण झालेत. दहावी जागा तुमच्यासाठी ठेवलीय. या."

"आम्हाला नाही जमत, आजी. आम्हाला निर्णय घ्यायचे असतात. डोकं हलकं ठेवावं लागतं." ते हसून वळले, आणि कॉलरच्या आत मानेवर तीच पट्टी दिसली.

"तुमचं कोण धरतंय हो?"

साहेब थबकले. "आई. साताऱ्याला असते."

"कशी आहे ती?"

त्यांनी मानेवरची पट्टी चाचपली. मग ते म्हणाले, "पट्टीचा दिवा हिरवा असतो. म्हणजे बरीच असेल."

कँटीनमधल्या माणसांनी माना खाली घातल्या. गोदाक्कांनी घातली नाही. त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बारटक्के, तुम्ही आजारी आहात म्हणून मी तुम्हाला बोल लावत नाही. माझा लेकही आजारी आहे, आणि आज त्यानं ते चारचौघांत उभं राहून सांगितलं. वाघ आहे माझा. पण तुम्ही आईला राबवलंत आणि ती दमली का, हे एकदा तोंडानं विचारलं नाही. दहावी जागा रिकामी राहील. तुमच्यासारख्या माणसाला आम्ही सावडीत घेत नाही."