'किरकोळ' नावाचा ग्रुप

हसायचं तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, भरदुपारी, तिच्या ऑफिसात. तिने सांगितलं तसं सांगते.

ताई एका कोल्ड स्टोरेजची मॅनेजर. सगळ्या कामगारांचा मिळून एकच ग्रुप. गाडीची वेळ, कुणाच्या पोराचा वाढदिवस, फालतू विनोद, सगळं त्यातच. ताईचं डोकं उठायचं. शेवटी तिने ग्रुप वेगळे केले. 'काम', 'रजा', 'गप्पा'.

राहिले काका. गोदामातले म्हातारे हमाल. बारीकसारीक कळवायची भारी खोड. बल्ब गेला, पाणी गळतंय, थंड खोलीची आतली कडी सैल झालीय...

ताईने त्यांना 'काम'मधून काढलं आणि वेगळ्या ग्रुपात टाकलं. नाव ठेवलं 'किरकोळ'. त्यात दोघंच, ती आणि काका. वर आवाजही बंद करून टाकला.

"बोंबलू दे तिकडे," ती हसत म्हणाली.

साहेब खूश. ताईच्या बढतीची बोलणी सुरू झाली.

एका शनिवारी काका थंड खोलीत अडकले. आतून दार उघडेना. फोन लागत नव्हता, मेसेज तेवढे जात होते.

ते सगळे 'किरकोळ'मध्ये गेले.

सोमवारी काका सापडले. लाकडासारखे कडक झालेले.

ताईने आधी ग्रुप उडवला. मग चौकशीत म्हणाली, "माझ्याकडे काहीच आलं नाही."

काकांचा फोनही गारठून कायमचा बंद पडला होता. सगळ्यांना पटलं.

बढतीच्या मीटिंगला ती साहेबांसमोर बसली होती. सगळ्यांचे फोन टेबलावर पालथे. तिचा मांडीवर.

'काम' ग्रुपवर, ज्यात साहेबही होते, मेसेज आला...

काकांचा.

"मॅडम, दार उघडेना."

कुणी बघायच्या आत तिने तो सगळ्यांसाठी डिलीट केला. ॲडमिन तीच ना! तिने हुश्श केलं, तोच तिच्या लेकीचा सकाळी आलेला मेसेज फोनमधून आपोआप नाहीसा झाला.

पुन्हा मेसेज... "मॅडम, हात बधिर झालेत."

तोही उडवला.

फोनच्या पडद्यावर मायलेकींचा फोटो असायचा. आता त्यात ताई एकटीच होती... एक हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा, अधांतरी.

ताईला सगळं कळलं.

तिसरा मेसेज आवाजाचा होता. साहेबांनी आपल्या फोनकडे हात नेला.

मेसेज राहिला तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. उडवला तर पोटची पोर.

ताईने डिलीट केलं.

"घरी गेल्यावर बघू," असं मनात म्हणाली म्हणे. काय ही बाई!

घरी भावजी टीव्ही बघत होते.

"आपली पोरगी कुठाय?" तिने दारातूनच विचारलं.

"कुणाची पोरगी?"

लेकीच्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती.

ताईला बढती मिळाली. रोज माझ्याकडे येऊन रडते. "तू तिला अंगाखांद्यावर खेळवलंस गं, आठव ना!"

काय आठवू? मला भाची नाहीच. तिला तसं तोंडावर सांगते, डॉक्टरकडे चल म्हणते.

पण काल कपाट आवरताना एक स्वेटर हाती लागला. अर्धा विणलेला, सुया तशाच अडकवलेल्या. टाके माझेच. माप एखाद्या शाळकरी मुलीचं.

मी तो कुणासाठी विणत होते?