जुत्जे, पण कुठले?

पावसात चिंब भिजलेला एक उंच तरुण कोर्टाच्या दारात ठासून सांगत होता, "मी जुत्जे आहे... जुत्जे!"

पहारेकऱ्याने त्याला अदबीने न्यायाधीशांच्या दालनाकडे पाठवलं. कोर्टाची दुभाषी केराल्ट काम संपवून निघाली होती. तिने त्याला मधेच गाठलं.

"कोणता खटला?" तिने इंग्रजीत विचारलं.

"खटला? मेंढ्या कुठायत?"

केराल्टला हसू आवरेना. इंग्रजीत जज म्हणजे न्यायाधीश आणि स्पर्धेचा परीक्षकही. इथल्या कातालान भाषेतल्या जुत्जेचं तेच! इंग्लंडहून आलेला हा रोवन मेंढपाळी कुत्र्यांचा परीक्षक होता, आणि स्पर्धा वर डोंगरात, तासाभरात; उद्या लगेच परतीचं विमान.

"चला, मी तिकडेच निघालेय."

गाडी घाट चढू लागली.

"बाई जज असली तर?" रोवनने विचारलं.

"जुत्जेसा. काहींना तिलाही जुत्जेच म्हणायचं असतं. कडाक्याची भांडणं होतात."

"आणि माणसाला जोखणं?"

"जुत्जार."

"मग... मला जोखताय?"

"केव्हाची! बूट नापास. डोळ्यांचा निकाल राखून ठेवलाय."

तो लाजला. मग म्हणाला, "तुम्ही का निघालात तिकडे?"

"बाबा उतरलेत ना स्पर्धेत."

रोवनचा चेहराच बदलला. "गाडी थांबवा. निकालापर्यंत आपण बोलायचं नाही."

"अहो, पाऊस—"

"असू दे."

उरलेली वाट तो चालत गेला. केराल्टला राग आला... आणि आरशात तो दिसेनासा होईपर्यंत तिची नजरही हटेना.

तिच्या बाबांची, इस्क्लेंची, कुत्री झकास धावली. पण शेवटची मेंढी फाटकात शिरायच्या आधीच निसटली. एका गुणाने दुसरा नंबर!

इस्क्ले तावातावाने आले. "सांग त्या इंग्रजाला, आंधळा आहेस म्हणावं!"

केराल्टने भाषांतरात एक शब्दही सौम्य केला नाही.

"कुत्री गुणी आहे," रोवन शांतपणे म्हणाला. "तिला इशारा देणारी तुमची शिट्टी उशिरा वाजली."

तिने तेही जसंच्या तसं सांगितलं. इस्क्ले बराच वेळ धुसफुसले. "हं... वाजली खरी उशिरा."

केराल्टने मोठा श्वास घेतला आणि रोवनकडे वळली. "भाषांतर संपलं. आता हे माझं. असा हट्टी माणूस मला आवडलाय. उद्याच्या विमानाने तू जायचं नाहीस."

रोवनच्या भिजलेल्या केसांतून पाणी ओघळत होतं, पुसायचं भानही नव्हतं.

"काय म्हणतेय ही?" इस्क्ले वैतागले. "मला कुणी सांगेल का?"

रोवनने त्यांच्याकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या कातालानमध्ये, एकेक शब्द जुळवत म्हणाला,

"मी... राहतोय. तिच्यासाठी."